हुट्टु की पेट्टु

शहापुरात, सराफ गल्लीच्या तोंडाशी,
पाटीवर आमचं आडनाव आधी कन्नडात, मग मराठीत,
आणि दोन्हीकडचा रंग सारखाच उडालेला,
तिथं बसते मी. सुब्राय अणवेकरांची धाकटी.
सोनं भावाकडं गेलं.
माझ्याकडं भिंग, चिमटा, गुंजेला न चुकणारा काटा
आणि लोकांच्या डब्यातली जुनी नाणी.

अप्पा नाणं हातात घेतलं की एवढंच विचारायचे,
गिऱ्हाइकाला नव्हे, नाण्यालाच:
हुट्टु की पेट्टु?
जन्माचं, की माराचं?
मधला 'की' तेवढा घरचा, बाकी बाजारातलं.

टांकसाळीत चुकतं ते एका ठोक्यात चुकतं.
चकतीच कड तुटून आलेली असेल
तर बरोबर समोरची कडही दबकलेली असते, पुसट,
जणू पलीकडं काय झालं ते तिला कळलंय.
कानशीनं खाल्लेल्या नाण्याची समोरची कड
निर्धास्त असते.
घटप्रभेच्या पुलावरून टाकलेली येतात, नदीनं चघळलेली.
माळेतून सुटलेली, पाठीवर डाखाचा फोड घेऊन.
रुळावर ठेवलेली, काकडीच्या चकतीएवढी पातळ.
सगळी पेट्टु.
लोक नेमकं त्यांनाच दुर्मिळ म्हणतात.

परवा सन्मती मगदूम आला.
मूळ यमकनमर्डीचा, शाळेपासून पुण्यात मामाकडं.
रुमालात रुपया, पंच्याऐंशीचा.
एका बाजूला सिंह. उलटवला तर तिथंही सिंह,
खोल गेलेले, आरशातले.
"लाखी आहे ना ही? मोबाईलवर लाख सांगतात."

काट्यावर ठेवला. सहा ग्रॅम, चोख.
भिंग लावलं.
म्हटलं, "नाणं सरकारी आहे, खरं..."
आणि चिमटा शोधायला वाकले.

वर बघते तर त्याचा चेहरा उजळलेला.
आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्यात ते वाक्य तिथंच संपतं.

वीज जाऊन परत यावी एवढाच वेळ गेला.
तेवढ्यात त्यानं बहुधा घरातल्या फरशीचा रंगसुद्धा ठरवला.

मग मी वाक्य पुरं केलं.
बुडालेल्या सिंहांच्या खाली बघ, म्हटलं,
एकचा आकडा आहे, गुदमरलेला.
बाजूची कणसं चिरडलीत, खरं आहेत.
टांकसाळीतल्या लाखीत खाली काही नसतं,
कोऱ्या चकतीवर पहिलाच ठसा उलटा.
इथं आधी सगळं बरोबर उमटलंय.
नंतर कुणीतरी दोन रुपये पाठीला पोट लावून
शेगड्यात आवळलेत. कड बघ कशी फुगलीय.

"कुणी?"
मला काय ठाऊक.
शेगडा असेल त्यानं.

शेजारी कोणाची तरी पैंजणं झाळायचं चाललं होतं.
तो त्या निळ्या ज्योतीकडं बघत राहिला.
बाबा उद्यमबागेत फिटर होते, म्हणाला.
मे महिन्यात मी यायचो तेव्हा कारखान्यात न्यायचे,
काहीबाही करून दाखवायचे.
नाण्याचं आठवत नाही.
नाही आठवत, पुन्हा म्हणाला.

आणि दुसरा रुपया?
मी विचारलं, धंद्याच्या सवयीनं.
शेगड्यात दोन असतात.
ह्याचा 'एक' त्याच्या सिंहांवर उलटा बसला असणार.
डब्यात नव्हता, तो म्हणाला.
म्हणजे चालला असेल कुठंतरी. चहाला, बसला.
कंडक्टर थोडीच उलटवून बघतो.
मी मात्र कालपासून भाजीचे सुट्टे
गल्ल्यात टाकायच्या आधी पालथे करते.

जाताना त्यानं किंमत विचारलीच.
"रुपया," म्हटलं. "खरं..."

ह्या वेळी तो थांबला,
रुमाल अर्धा बांधून.
माझ्याजवळ पुढचं काही नव्हतं.