धावदोरा

मागच्या खोलीचं दार अर्धंच उघडायचं;
अकरा वर्षं मी आडवी होऊन आत शिरायचे.

मार्जरीनचे डबे, एकात एक, दीडशे तरी.
तीन किटल्या, तिन्ही बिघडलेल्या.
‘लागेल कधीतरी.’
हे कधीतरी कोणत्या वारी येतं, डोरीननं विचारलं
आणि व्हॅन मागे घेतली.
बोल्टनच्या कचरा-डेपोवर चौथ्या फेरीला मी रडले,
तेही झाकण हरवलेल्या थर्मॉससाठी.
ती काही बोलली नाही.

मग तळाशी, पडद्यात गुंडाळलेली,
गोधडी. पाऊण झालेली.
सुई टाक्यात तशीच,
गंजून भोवती चहाएवढा डाग,
जशी मी फोन वाजला म्हणून उठले होते
आणि अजून बोलतेच आहे.

डाग राहू दिला.
दोरा मेणावरून ओढला,
रिकाम्या फरशीवर बसले.
केवढी जागा लागते हो, नुसते पाय पसरायला!
बोटांना सगळं आठवत होतं,
मलाच विचारलं नाही त्यांनी.
धावदोरा कडेकडेनं आत वळत गेला,
दिवे लागले तरी.

कोपऱ्याला एक तुकडा कमी पडतोय.
डोरीनला हाक मारली कुंपणावरून:
जुना ॲप्रन आहे का गं एखादा?
कंबरेवर हात ठेवून
ती बघतच राहिली माझ्याकडे.