किती जणी

पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा, एक चिन्ह.
मी बकरीचं नाव टाकलं, तिच्या वेतांचा आकडा,
आणि ते ॲट, ज्याला मी जिलेबी म्हणते.
पान उघडलं.

वॅक्सिंगच्या शेडमागची ही खोली.
खिडकीतून वरूडचा रस्ता, कॅरेटांचे मनोरे,
आंबियाची शेवटची तोड.
माल घेणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं
की प्रत्येक कॅनचा, प्रत्येक पुड्याचा धोका
कुणीतरी संगणकात भरावा.
कुणीतरी म्हणजे मी.
बारावी सायन्स, केमिस्ट्रीत राहिलेली.

घाटोळे सर नागपूरहून मोबाइलवर शिकवतात.
आवाज येतो, चेहरा अडकतो.
"वाघ म्हणजे हॅझर्ड. तुम्ही त्याच्या वाटेवर, ते एक्स्पोजर.
दोन्हीचा गुणाकार करा."
मागे बाटली भरत उभी अनुसया धुर्वे म्हणाली,
"वाघ दिसते तरी बाई.
हे तं पान्यावानी आहे."

पहिला आठवडा नुसत्या याद्या खाली ओढण्यात गेला.
बोट निसटायचं, "क्वचित"च्या जागी "सतत" निवडलं जायचं
आणि वाटायचं, बरोबरच आहे की.
दोनदा लाइन गेली.
आली तेव्हा पान म्हणालं, तुमचा वेळ संपला.
बुरशीनाशकाच्या कागदाची सोळा कलमं
डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली.
आठव्यात हातमोजे.
चौथ्यात, डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा.
आमचा नळ सकाळी वीस मिनिटं येतो.

मग प्रश्न. काम: धुण्याची टाकी.
त्वचेला लागतं का?
मी अनुसयाचे हात बघायला शेडमध्ये गेले.
बोटांच्या बेचक्यांत कातडी
संत्र्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी,
पांढरी, ओढली तर निघेल अशी.
दिवसाचे किती तास?
"गाडी भरेपर्यंत."
असा पर्याय यादीत नव्हता.

उत्तर आलं: लाल.
खासबागे भाऊ खुर्चीमागे येऊन उभे राहिले.
"नियंत्रणात हातमोजे टाक नं. पाय कसं हिरवं होते."
टाकले. झालं.
एका क्लिकमध्ये चौदा बायांचे हात बरे.

हातमोजे आहेत, खोटं नाही ते.
कपाटात, पुड्यात, पुरुषी मापाचे दोन जोड,
तपासणीच्या दिवशी घालायचे.

मी सेव्ह दाबलं नाही.
शूरपणा नव्हता त्यात.
खाली "मूल्यमापन करणारी व्यक्ती" असा रकाना होता
आणि तिथे माझं नाव, आडनावासकट,
लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच छापल्यासारखं.
हातमोजे ठेवले, हिरवं. काढले, लाल.
ठेवले. काढले.
बाहेर हमालांची जेवणाची सुट्टी होऊन गेली.

शेवटी काढलेच.
शेऱ्यात लिहिलं, मराठीतच, कारण त्याने अडवलं नाही:
दोन जोड. मोठे. कपाटाला कुलूप.
किल्ली भाऊंकडे.

शेवटचा रकाना: किती जणांना लागू शकतं?
चौदा, मी टाइप केलं.
अनुसया हात पदराला पुसत दारातून आत आली.
अक्षरं नाही, पण आकडे तिला येतात.
कॅरेटं तीच मोजते.
"पंधरा कर."
आणि शेडकडे हनुवटी केली,
जिथे टाकीपासून चार हातांवर
रिकाम्या कॅरेटमध्ये जुनं लुगडं अंथरून
तिची नात झोपली होती, मूठ तोंडात.

वय कुठेच विचारलेलं नव्हतं.
मी चारावर जाऊन पाच केला.
रंग बदलला नाही, लालच होता आधीपासून.

"आता काय होईन?" अनुसयाने विचारलं.
चाक गोल गोल फिरत होतं, रेंज एक दांडी.
"सेव्ह होईन," मी म्हणाले.
आणि आम्ही दोघी
त्या चाकाकडे बघत बसलो.