स्टोअरची किल्ली

भिंगारदिवे पाळक म्हणाले, ओहोळ,
येत्या शुक्रवारी उपासनेनंतर दहा मिनिटं तुम्ही बोला.
विषय : माणसं कशी चालवावी.
माणसं म्हणजे काय बैलजोडी आहे,
असं ओठांवर आलं होतं,
पण हो म्हणालो.
मुद्दे लिहून कागद खिशात ठेवला.
सोहारच्या जुलैत खिशातल्या कागदाची
तीन दिवसांत लापशी होते.

तेव्हा आठवतं ते सांगतो.

बंदरामागच्या कारखान्यात आम्ही परांच्या बांधतो.
टोळीत नऊ जण.
स्वातचा लियाकत, नेपाळचा डंबर,
श्रीकाकुळमचे दोघे भाऊ,
ज्यांची नावं मी अजून उलटसुलट घेतो,
आणि माझ्याच राहुरीचा आशेर,
ज्याच्या बापाने मला रविवारच्या शाळेत
पहिलं गीत शिकवलं, छडी हातात घेऊन.

पहिली तीन वर्षं प्रत्येक क्लॅम्प
मी स्वतः पुन्हा आवळायचो.
वाटायचं, हीच माया.
एकदा पंधरा मीटरवर डंबर म्हणाला,
तुम्ही पुन्हा आवळणारच,
मग मी कशाला आवळू मन लावून?
खाली पत्रा तापून पांढरा पडला होता,
आणि माझे हात गार.

रात्री कॅम्पात खाटेवर पडून
त्या बारा जणांचा हिशेब मांडला.
जाळी टाकणारे, एक जकातवाला,
एक घाईने बोलून मागाहून रडणारा.
अशांना त्याने दोन-दोन करून गावोगाव धाडलं,
शिदोरी नाही, जादा अंगरखा नाही,
सोबत स्वतःही नाही.
चुकतील, हे त्याला कळत नव्हतं?
परतले तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं म्हणे.
मला तेच जमत नाही.
मी समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडतो,
बायको फोनवर हेच म्हणते.

आता तपासतो, तो नियमच आहे.
पण पाना डंबरच्या हातातच राहतो.
ढिलं दिसलं तर मी फक्त बोट ठेवतो.

पहाटे चारला पाण्याच्या पिंपात बर्फ भरायचं काम
कोणाच्याच वाट्याचं नव्हतं, म्हणून माझं होतं.
पाय धुण्याच्या गोष्टीतलं तेवढंच मला परवडणारं.
एके दिवशी गेलो तर पिंप आधीच भरलेलं.
तेव्हापासून रोज भरलेलं असतं.
कोण भरतं विचारलं,
तर सगळे बुटाच्या नाड्या बांधू लागतात.

आता आशेरचं.
त्यानेच ऑफिसात अर्ज दिला होता,
ओहोळ आमचा ओव्हरटाइम खातो.
चौकशी झाली, माझा पगार महिनाभर अडकला,
निघालं काहीच नाही.
पुढे मला रात्रपाळी लागली,
स्टोअरची किल्ली कोणाला तरी द्यायची होती.
सगळे म्हणाले, लियाकतला द्या.
मी आशेरला दिली.
शहाणपण म्हणून नव्हे.
त्या बारांत थैली कोणाकडे होती, ते आठवलं.
ठाऊक असूनही ती काढून घेतली नव्हती.
ती गोष्ट पुढे वाईट संपते, हेही आठवलं.
किल्ली देताना हात जरा मागेच राहिला,
खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या महिन्यात आशेर वही घेऊन आला.
चाळीस क्लॅम्प कमी भरतात, तुम्ही मोजा.
म्हटलं, तूच मोज.
मी दारात पाण्याची बाटली घेऊन बसलो.
इशाची अजान होऊन गेली तरी तो मोजत होता,
बोटं ग्रीसने काळी, ओठ हलताहेत
जसे लहानपणी पाठांतराला हलायचे.
अडतीस सापडले.
दोन नाहीत, असं वहीत लिहिलं,
खाली दोघांच्या सह्या.

शुक्रवारी उभा राहिलो.
अकरा माणसं, दोन पोरं, एसीची घरघर.
घसा कोरडा पडला.
म्हणालो, पिंप कोण भरतं
ते मला अजून कळलेलं नाही.
आणि बसलो.

पाळक घड्याळाकडे बघत म्हणाले,
ओहोळ, नऊ मिनिटं उरलीत.
मागच्या खुर्चीवरून आशेर म्हणाला,
दोन नाही, एकच राहिलाय.
एक काल रॅकखाली सापडला.