काना-मात्रा

रात्री साडेदहाला, भांडी आवरली की
माझं कॉलेज भरतं
बर्नलीतल्या या स्वयंपाकघरात.
एक लॅपटॉप, एक रबरी कान,
पोस्टाने आलेला, उजवा.
डावा मागाहून येणार होता, अजून आलेला नाही.
आणि बेचाळिसाव्या वर्षी
पुन्हा घेतलेली दोनशेपानी वही.

मुकुंद म्हणतो, झोप आता.
मी त्याला दिव्याखाली बसवते,
कान वर आणि मागे ओढते,
मास्तर ओढायचे तसाच, फक्त हळू,
आणि आत बघते.
एकोणीस वर्षांच्या संसारात
हा पडदा कधी दिसला नव्हता:
मोतिया, खालच्या कडेला उजेडाचा एक त्रिकोण.
"अगदी ठणठणीत आहे," मी म्हणते.
"म्हणजे आजवर कानाडोळाच करत होतास."

आलेख इथे उलटा असतो.
रेघ जितकी खाली, तितकं जग लांब.
उजव्याला लाल गोल, डाव्याला निळी फुली.
आधी जातात स, फ, थ, असले बारीक श्वासाचे.
धड्यात लिहिलं नव्हतं, पण मला माझ्या भाषेतच कळलं:
थकलेल्या कानाला पोचतात
फक्त काना, मात्रा, वेलांटी.
अक्षरं वाटेत गळतात.
'साखर संपली' निघतं चुलीपासून
आणि दाराशी येतं 'आ-अ, अं-ई'.
माणूस हसून मान हलवतो,
चौथ्यांदा 'काय?' म्हणायची लाज वाटते म्हणून.

शनिवारी प्रात्यक्षिक, ओग्डनसाहेबांच्या दुकानात.
ते कोपऱ्यातल्या स्टुलावर, तोंडात पेपरमिंट.
खुर्चीत डोरीन ॲस्पिनॉल, ब्याऐंशी वर्षांची,
पंधराव्या वर्षी मागावर उभी राहिलेली.
इचलकरंजीची मी; मला ती खडखड सांगावी लागत नाही.
तीनशे माग एका छपराखाली.
तिथल्या भिंतींना कान असते तर तेही बहिरे झाले असते.
लग्नं, चहाड्या, संपाचे बेत,
सगळं ओठ रुंद हलवून, बिनआवाजी.

मी बटण दाबते. ती बटण दाबते.
मी आवाज कमी करते, आणखी कमी.
ती बटण दाबते.
आलेख निघाला सोळा वर्षांच्या पोरीचा.
मी खूश.
ओग्डनसाहेब उठले, काही न बोलता
समोरच्या तसबिरीच्या काचेवर बोट ठेवलं:
तिच्यात माझा खांदा दिसत होता,
दर सुराला किंचित हलणारा.
"खुर्ची फिरव. पहिल्यापासून."

या खेपेला रेघ उतरत गेली,
चार हजारापाशी तर विहीरच.
डोरीन कोऱ्या भिंतीकडे तोंड करून,
अंगठा बटणावर, पहिल्या नंबराच्या मुलीसारखी सावध,
वाट बघत होती.
आणि मी वाजवत होते,
वाजवतच होते.

आठ वर्षांपूर्वी, बसथांब्यावर,
या गावात माझं इंग्रजी पहिल्यांदा समजलं ते हिला.
बाकी सगळे 'सॉरी?' म्हणायचे, कान पुढे करून.
मी घरी येऊन रडले होते, आनंदाने.
आता कळतंय,
तिने माझे उच्चार ऐकलेच नव्हते.

तीन आठवड्यांनी यंत्र बसवलं,
शेंगदाण्याएवढं, केसांच्याच रंगाचं.
स्वतःच्या रेनकोटच्या सळसळीला ती दचकली.
मग बाही पुन्हा हलवून बघितली. पुन्हा.
मी विचारलं, कसं वाटतंय?
माझा इचलकरंजीचा ट, माझा रुंद व
पहिल्यांदाच तिच्या आत उतरले असावेत.
ती ओठांकडे बघायचं विसरली.
भुवया जवळ आल्या, मान थोडी कलली.

"सॉरी, लव्ह?" डोरीन म्हणाली.
"पुन्हा सांग ना."