कडुनिंबापाशी बंद पडते

मारबत निघून चार दिवस झाले होते.
शहराचा सगळा खोकला, ताप, खरूज
ती घेऊन गेली म्हणतात.
सिव्हिल लाइन्सच्या या मैदानावरची
गवत कापायची गाडी तेवढी राहिली.
सुरू व्हायची, छान जायची,
आणि कडुनिंबापाशी आली की
बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तशी गप्प.

ताराचंद हेडाऊ सीटवरून उतरले नाहीत.
"हे पाहा. रोज इथंच.
झाडाले भेते का काय, देव जाणे."

झाडाला भिणारं इंजिन मी पाहिलेलं नाही.
शिळ्या पेट्रोलला भिणारं पाहिलंय.
टाकीत नाक घातलं : जुन्या वार्निशचा वास.
किती दिवस उभी होती?
"दीड महिना."
काऊन?
"मीच नव्हतो ना जी," एवढं म्हणून
ते गवताकडे पाहू लागले.
गवत गुडघ्याला आलं होतं, तुऱ्यावर.

मी कार्बोरेटर उघडला.
वाटीच्या तळाशी हिरवट गाळ,
जेटच्या भोकातून आभाळ दिसेना.
तांब्याच्या तारेनं दिसेपर्यंत उकरलं.
प्लग घासला, फिल्टर झटकला,
टाकीचं झाकण सैल ठेवून पाहिलं,
कधी कधी टाकीलाच श्वास मिळत नाही.
इंजिन एका झटक्यात उठलं,
मंगळवारीतल्या माझ्या दुकानाची लाज राखल्यासारखं,
आणि कडुनिंबापाशी पुन्हा

तेच.

ऊन चढलं. हेडाऊंनी डबा उघडला,
अर्धी पोळी मोडली, अर्धी परत ठेवली.
"तुम्ही बसून पाहा बाई," म्हणाले.
बसले.
माझं वजन अठ्ठ्याहत्तर, लपवत नाही.
गाडी कडुनिंबाखालून गेली,
मुळांवरून हादरत, पिचच्या कडेनं, परत,
तीन फेऱ्या, एकदाही न अडखळता.
कापल्या गवताचा ओला वास मागे मागे.

हेडाऊ सावलीत उभे राहून टाळ्या वाजवत होते.
"तुम्ही बसल्या का चालते, मी बसलो का मरते.
अकरा वर्षं झाली, अन् मलेच ओळखत नाही."

तेव्हा कळलं. हात पुसता पुसता.
सीट उलटी केली. खाली स्प्रिंग,
स्प्रिंगखाली बोटाएवढा काळा स्विच :
चालवणारा पडला तर पाती थांबावीत
म्हणून कंपनीनं ठेवलेला.
त्याला एवढंच कळतं,
वर कोणी आहे की नाही.
मुळांवर गाडी उचलते, माणूस जरासा उडतो,
आणि स्विच म्हणतो,
कोणी नाही.

मी मान वर केली तर आधी त्यांचा शर्ट दिसला.
कॉलर मानेभोवती फिरत होती.
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं.
"मेडिकलला होतो," ते म्हणाले.
"एकसष्टचा एकोणपन्नास झालो.
ऑफिसात नाही सांगितलं जी. गावाले गेलो म्हनलं."

वायरी सरळ जोडून टाकल्या असत्या,
दोन मिनिटांचं काम, सगळे तेच करतात.
पण मग ते खरंच पडले असते
तर पाती फिरत राहिली असती.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला,
घडी घालून स्विचवर ठेवला,
त्यांना बसवलं, उठवलं, अजून एक घडी,
शिंपी माप घेतो तसं,
एकोणपन्नास किलो पुरेसे होईपर्यंत.
मग उतरायला लावलं. बंद पडली.
बसा. चालू.

कडुनिंब ओलांडताना त्यांनी
झाडाकडे बघितलंसुद्धा नाही.

ऑफिसात पंख्याखालच्या बाबूनं
माझ्या बिलबुकात डोकावत विचारलं,
"मॅडम, फॉल्ट काय होता?"
खिडकीबाहेर गाडीचा आवाज
लांब जात होता, वळत होता, येत होता.
मी लिहिलं : कार्बोरेटर.
साडेतीनशे रुपये.
गाळ तर होताच.