अठरावी पेटी

आखाडातही उपासमार असते
हे मला अठरावी पेटी उघडेपर्यंत माहीत नव्हतं.

बाहेर सगळं हिरवंगार.
दुधनेच्या दोन्ही काठांना सोयाबीन,
मग कपाशी, मग पुन्हा सोयाबीन,
आणि एवढ्या हिरव्यात फूल एक नाही.

चौकट उचलली तर हलकी, कागदासारखी.
घराघरात अळ्या कोरड्या पडलेल्या,
भोवती दुधाचा थेंब नाही.
एका कोपऱ्यात दोन दायामाश्या
आपलीच अळी खात होत्या.
मी झाकण ठेवलं.
हातातलं धुराडं उगाच धुमसत राहिलं.

पाक तर देत होते मी, दर चौथ्या दिवशी,
साखर-पाणी एकास एक, कोमट करून.
गोड आहे तोवर चालतंय, असं वाटलेलं.
गोदूमावशीनं बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली,
तिनं सगळं ऐकून घेतलं
आणि एवढंच विचारलं,
"वरण काय देतीस त्यांला?"

वरण.
मग डाळवं दळून आणलं,
तेल काढलेलं सोयापीठ चाळलं,
हनीफभाईच्या बेकरीतून यीस्टची पुडी,
घरचाच मध घालून मळलं पुरणासारखं,
कागदावर थापून ठेवलं चौकटींच्या माथ्यावर.
खाल्लं त्यांनी.
पण परक्याच्या घरी जेवावं तसं,
बेताबेतानं.

त्याच आठवड्यात जालिंदर बांधावर,
पाठीला तणनाशकाचा पंप.
बांधभर एकदांडी फुललेली,
पिवळं, नखाएवढं.
"कामाची न्हाई ती. गुरंबी तोंड लावत न्हाईत."
मी म्हटलं, माघात कांद्याच्या डेंगळ्यांना
पेट्या लागतील ना तुला?
"लागतीलच की. कंपनीचं बी हाय."
मग माघातल्या माशीच्या पणजीची पणजी
आत्ता इथं जेवतीय, पाय बघ तिचे.
तो वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.
मग हसला, "तुझं आपलं कायबी."

आमच्या बाजूचा बांध त्यानं सोडला.
नाल्याकडचा जाळलाच.

भादव्यात मी आठ तासं तीळ फुलवला,
पुढं करडईत धने टाकले विरळ,
विहिरीजवळ शेवग्याच्या तीन फांद्या रोवल्या,
त्यातली एक लागली.
अठरावी पेटी मात्र राहिली नाही.
ती धुऊन, उन्हात उपडी करून ठेवलीय.

माघात सतरा पेट्या जालिंदरच्या रानात गेल्या.
पांढऱ्या गोंड्यांवर दिवसभर नुसता घुमारा.
तो बोट दाखवून पोराला काय सांगत होता
ते लांबून ऐकू आलं नाही.

सकाळी मी पेटीच्या दाराशी बसते,
परतणाऱ्यांच्या पायांवरचे रंग बघते.
धन्याचा फिका, करडईचा केशरी,
एकदांडीचा तर डोळे मिटूनही कळेल.
एक विटकरी रंग येतो अधूनमधून,
चार-पाच माश्याच आणतात.
कुठल्या बांधावर उरलंय ते फूल,
मी अजून शोधतेय.