दोन तोळ्यांचा फरक

तय्यबअली शेठनं काचेवर हिरवी बनात अंथरली,
आम्ही मखमल अंथरतो तशी,
आणि दोन रिव्हॉल्व्हर शेजारी शेजारी ठेवून
हात मागे घेतला.
त्या क्षणी गिऱ्हाइकाला एकटं सोडायचं असतं,
हे त्याला ठाऊक. मलाही.

दोन्ही बत्तीस बोर, दोन्हींत सहा घरं.
चण मध्यम : खिशात लपणार नाही, कमरेला ओझं होणार नाही.
एकीची मूठ अक्रोडाची, दुसरीची काळ्या रबराची.
एकीची चकरी सुटायला खटका पुढे रेटायचा,
दुसरीला मागे ओढायचा.
बाकी जुळ्या बहिणी.
"चाळीस वर्षं विकतोय, विसपुते," तो म्हणाला,
"पण अंधारात हातात दिलीत
तर मलाही दिवा लावावा लागेल."

मी तळहातावर घेतली एकेक.
ही एकोणसत्तर तोळे. ही एकाहत्तर.
त्यानं काट्यावर ठेवून बघितल्या आणि हसला.
सराफ बाजारात पस्तीस वर्षं बसलेल्या हाताला
लोखंडसुद्धा फसवत नाही.
दोन तोळे.
एवढ्यावरून भर मांडवात
सोयरीक मोडलेली बघितली आहे मी, ओझरला,
जेवणाची पानं वाढलेली असताना.

परवान्यात अडीच वर्षं गेली.
सरकारवाडा ठाणं, आयुक्तालय, शेजाऱ्यांचे जबाब,
डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला.
प्रयोजनाच्या रकान्यात लिहिलं : स्वसंरक्षण.
रकाना लहान होता.
भिकन त्यात मावला नाही.

भिकन आला होता बरोबर. स्टुलावर बसलेला,
डाव्या कानामागे आठ टाके.
त्या कानानं त्याला आता
गंगेचा पूरसुद्धा ऐकू येत नाही.
त्या दुपारी हेल्मेटवाल्या दोघांनी
वजनकाटाच उचलून घातला त्याच्या डोक्यात,
आणि मी गादीवर बसल्या बसल्या
"न्या, सगळं न्या," म्हणत होतो,
पाटल्या दाखवतो त्याच आवाजात.

शेठनं रिकाम्या चकरीवर चाप ओढून दाखवला.
टक.
मग दुसरीचा. टक.
"ही जराशी हलकी. ही थोडी अडून सुटते."
मी कान दिला; नाणं वाजवून पारखायची खोड.
भिकननं मान फिरवली, चांगला कान पुढे केला.
"परत," म्हणाला.
टक. टक.
"शेठ, दोन्ही एकच बोलतात."

बाहेर कुणीतरी हातगाडीवर द्राक्षं विकत होता,
चव घ्या, चव घ्या, म्हणत.
आत कुणी बोललं नाही बराच वेळ.

बायका दोन पाटल्यांत अडकल्या की मी सांगतो,
ताई, हात आधी कुठं गेला ते बघा.
दहातल्या नऊ जणी तिथंच ठरवतात.
माझा हात बनातीवर होता.
कुठंच गेला नव्हता.

अक्रोडाची घेतली. का, ते विचारू नका.
मूठ धरली तेव्हा वडिलांची हातोडी आठवली,
पत्रा ठोकायची, घामानं काळी पडलेली. इतकंच.
पंचवीस काडतुसं मोजून घेतली, वहीत सही केली,
सवयीनं पावतीवर घडणावळ शोधली.

नलिनीनं विचारलं, केवढ्याला पडली?
सांगितलं.
"तेवढ्यात भिकनचं कानाचं—" म्हणाली
आणि भाजी ढवळायला लागली.
भाजी कधीच शिजलेली होती.

दुसऱ्या दिवशी मखमलाबादची एक पोरगी, लग्नाची,
दोन नथींत अडकली.
तिची आई म्हणाली, काका, तुम्हीच सांगा.
मी नथ उचलली तर बोटांना तेलाचा वास,
साबणानं तीनदा धुऊनही.
नेहमीचं वाक्य तोंडाशी आलं, आणि राहिलं.
"दोन्ही घालून बघ," म्हणालो,
आणि आरसा पुढे सरकवला.

आरशाच्या कडेला भिकन दिसत होता,
फुंकणी ओठांत धरून बसलेला,
ज्योत वाकलेली टाक्यावर,
आणि चांगला कान दाराकडे.